मले ते झोपेचं औषध नको होतं

मी चौथीपर्यंत शिकलो, अन् चौथीचंही अर्धंच. लिहायचं माझ्या पोरीनं, सुमननं काढलं. म्हणाली, बाबा, दवाखान्यात तुमी जेवढं भांडले तेवढं लिहून काढा, कोणाच्या तरी कामी येईल. मी म्हटलं, माझं भांडण कोण वाचते? तं म्हणे, जे भितात ते वाचतात.

तं हे भिणाऱ्यांसाठी आहे. मीही भ्यालो होतो. चाकूले नाही भ्यालो. ऑपरेशन झाल्यावर जाग नीट यावी म्हणून एक झोपेचं औषध देतात, त्याले भ्यालो. काऊन भ्यालो ते पुढं सांगतो.

खडे

आमचं गाव आदिलाबादकडचं, भीमपूर मंडलातलं, मंडल म्हणजे तुमचा तालुका. कापूस अन् सोयाबीन. नदी ओलांडली की महाराष्ट्र. मागच्या वर्षी माझी बायको गिरजा गेली. त्यानंतर काही महिन्यांनी पोट दुखायले लागलं. जेवलो की उजव्या बरगडीखालून कळ निघे अन् पाठीत जाऊन बसे.

गावातल्या सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं. बुढी गेली, बुढ्यानं हाय खाल्ली. येणारा-जाणारा खाटेवर बसे अन् म्हणे, काका, मनाले लावून घेऊ नका, देवानं नेलं. मी म्हणो, अरे, मनाचं नाही, पोटाचं दुखून राह्यलं. ते मान हलवत अन् चहा पिऊन जात. दुःख मलाही आहे, पण ते वांग्याची भाजी खाल्ल्यावरच काऊन वाढते, याचा विचार कोणी केला नाही. गावच्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. मी ओवा चावला, सोडा प्यालो. एक दिवस चावडीसमोर उभ्या-उभ्या ओकलो, घाम सुटला, डोळ्यासमोर अंधारी आली. तवा पोरानं, प्रल्हादनं, गाडीत टाकून आदिलाबादले नेलं.

तिथं पोटावर थंड मलम लावून मशीन फिरवली. डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवलं अन् सांगतलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पिशवी सुजली, काढून टाकावी लागते. मी विचारलं, पिशवी देवानं काही कामासाठीच दिली असंल ना? तो म्हणाला, तिच्याशिवाय शरीर भागवून घेते.

मी म्हटलं, काढा मंग. बुढीशिवाय भागवूनच राह्यलो होतो, त्यात अजून एक पिशवी.

भुलीवाली

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. तेलगू पोरगी, माझ्या सुमनहून लहान. मले तातय्या म्हणे, म्हणजे त्यांच्यात आजोबा. ती हिंदीत बोले, मी मराठीत, अन् दोघांचं भागत होतं. दारू पिता का, तंबाखू खाता का, दम लागते का, दात हलते का. सगळं खरं सांगतलं. मंग विचारलं, याच्या आधी कधी भूल घेतली?

मी सांगायच्या आधी प्रल्हादच बोलला. म्हणे, अपेंडिक्सच्या टायमाले घेतली होती, अन् शुद्धीवर येताना बाबांनी सिस्टरच्या नाकावर ठोसा मारला होता. रक्त आलं होतं.

हे खरं आहे. पण अर्धं खरं आहे. बाकी अर्धं मी सांगतलं.

आमच्याकडं रानडुकरं लय. ज्वारी कणसात आली की रातभर वावरात मचानावर झोपावं लागते, त्याले आमी जागल म्हणतो. जागलीवरचा माणूस पूर्ण झोपत नाही. अंगाले काही लागलं की आधी हात चालते, मंग डोळे उघडतात. काठी उशाले असते. तरणा होतो तवापासून मी जागल केली. ती सवय घरच्या खाटेवरही सुटली नाही. गिरजा मले कधी हलवून उठवत नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा हलवलं अन् माझी बुक्की तिच्या दंडावर बसली. त्यानंतर ती खाटेच्या पायाले लाथ मारे अन् दोन हात मागं सरके. पोरांनाही तेच शिकवलं.

तं त्या टायमाले सिस्टरनं माझ्या तोंडावर वाकून गालावर थापटलं. तिचा काही गुन्हा नाही. तिले कोणी सांगतलं नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी माझे दोन्ही हात पट्टीनं पलंगाले बांधले. मी शुद्धीवर आलो तवा बांधलेला होतो. जनावरासारखा. ते मी विसरलो नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मंग म्हणाल्या, तातय्या, तुमच्यासारख्यांसाठी एक औषध आहे. ऑपरेशन संपता-संपता सलाईनमधून हळूहळू देतो. जाग सावकाश येते. नाही तं घशात नळी असते, माणूस घाबरून उठते, नळी ओढते, पोटाले ताण पडते, बीपी चढते. मंग हात धरावे लागतात.

मी विचारलं, कशाचं औषध?

म्हणाल्या, झोपेचंच समजा, पण हलकं.

मी पलंगावरून उतरलो अन् चप्पल शोधायले लागलो.

गिरजा

गिरजाले निमोनिया झाला होता. दूरच्या मोठ्या शहरात नेलं. तिच्या तोंडात नळी टाकली, मशीन लावली अन् झोपेचं औषध सुरू केलं. मले सांगतलं, तिले त्रास होऊ नये म्हणून झोपवलं, बरं वाटलं की उठवू. उठवलंच नाही. उठली नाही.

एकेकाले आत सोडत. हिरवा झगा घालून मी तिच्या पलंगाजवळ उभा राहो. पहिल्या दिवशी मी गिरजा म्हणून हाक मारली तं तिथल्या माणसानं हटकलं. पेशंट झोपेत आहे, बोलू नका, त्रास होते. मी गप राह्यलो. मोठा दवाखाना, मशिनी टुंग-टुंग करून राह्यल्या, आपण अडाणी. रोज गेलो, रोज उभा राह्यलो, रोज बाहेर आलो. एवढ्या वर्षांच्या संसारात आमी एकमेकांशी एवढे गप कधीच नव्हतो. ती तं एक मिनिट गप बसत नसे.

म्हणून झोपेचं औषध म्हटलं की मले ती खोली दिसते. आता समजलं का मी चप्पल काऊन शोधत होतो?

भांडण

प्रल्हाद चिडला. वावराचं काम टाकून आला होता, कापसाची पहिली वेचणी तोंडावर होती. वार्डात सगळ्यांसमोर म्हणाला, "आईच्या टायमालेही तुमी काई बोलले नाई, आता स्वतःच्या टायमाले एवढे बोलून राह्यले."

मी म्हटलं, "तुले नसंल जमत तं जा. मी बसनं येतो."

"पोट फुटलं म्हणजे बसमधी काय करसान?"

"तुह्या नावानं ओरडीन."

बाजूच्या पलंगावरचा माणूस हसला. त्याच्या टाक्यांवर हात ठेवून हसला. प्रल्हाद पाय आपटत बाहेर गेला.

सुमन भैंशा गावाहून संध्याकाळी आली. तिनं समजावलं नाही. डबा उघडला, मले बिनतेलाची खिचडी दिली, म्हणाली, खा, मंग उपाशीच राहायचं आहे. जेवण झाल्यावर म्हणाली, बाबा, औषध नको असंल तं नका घेऊ, पण नको म्हणायच्या आधी त्या बाईले सगळं विचारा. आईच्या टायमाले आपण काही विचारलंच नाही.

हे मले लागलं. पोरगी खरं बोलली की असंच लागते.

डॉक्टरीणबाई घरी जायले निघाल्या होत्या, खांद्यावर पिशवी होती. सुमननं त्यांना थांबवलं. त्या येऊन माझ्या पलंगावर बसल्या. उभ्यानं नाही बोलल्या, बसल्या. मी सरळ विचारलं, माझी बुढी ज्या औषधात गेली तेच का हे?

त्या म्हणाल्या, तातय्या, तिकडं काय दिलं होतं ते मले माहीत नाही, कागद पाहिल्याशिवाय बोलणार नाही. पण ती झोप खोल असते. ही तशी नाही. हिच्यात हाक मारली की माणूस डोळे उघडते, विचारलं तं मान हलवते, सोडून दिलं तं परत झोपते. नाडी जराशी मंद होते, तोंड कोरडं पडते, त्यावर आमी नजर ठेवतो. बीपी उतरलं तं बंद करतो. काही तासांत उतरून जाते.

अन् नाही घेतलं तं?

नाही घेतलं तरी ऑपरेशन होईल. तुमी जोरात उठण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच. ठरवा तुमी.

ठरवा तुमी, असं मले त्या आधी कोणत्याच दवाखान्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, घेतो. पण माझ्या अटी आहेत. एक, हात बांधायचे नाहीत. दुसरी, तोंडाजवळ येऊन कोणी थापटायचं नाही, पायाकडून हाक मारायची. तिसरी, बाहेर आणलं की माझी पोरगी तिथं उभी पाहिजे.

त्यांनी पहिल्या दोन लगेच मान्य केल्या. तिसरीवर विचार केला. म्हणाल्या, आत नाही येता येणार, पण जिथं शुद्धीवर येईपर्यंत ठेवतो त्या खोलीत उभी करतो.

सिस्टर मागून तेलगूत काहीतरी पुटपुटली. तेलगू मले बाजारापुरती येते, पण एवढी येते. म्हणत होती, हा बुढा की जावई? मी तेलगूतच म्हटलं, जावईच समज. ती लाजली अन् दुसऱ्या दिवशी माझी सगळ्यात जास्त काळजी तिनंच घेतली.

डुकरं

ऑपरेशनचं मले काही माहीत नाही. मोठा दिवा दिसला, डॉक्टरीणबाईंनी तोंडावर मास्क धरला, मोठा श्वास घ्या म्हणाल्या. घेतला. त्याच्या पुढचं मले ठाऊक नाही.

मंग कोणीतरी लांबून हाक मारून राह्यलं होतं. तातय्या, डोळे उघडा. उघडले. तोंड उघडा. उघडलं. घशातून काहीतरी सरकत गेलं, खोकलो. भांडावंसं वाटलं नाही. अंग वावरातल्या ओल्या मातीसारखं जड. परत डोळे मिटले.

त्यानंतर गाडी चालली, थांबली. कोणीतरी ओल्या कपड्यानं माझं तोंड पुसलं. नवा माणूस असंल, त्याले अटी माहीत नसतील. माझा हात उठला. मले कळत होतं की हात उठून राह्यला, पण तो पाण्यातून उठल्यासारखा हळू उठत होता. तेवढ्यात पायाकडून सुमनचा आवाज आला, जागलीवर एक माणूस दुसऱ्याले सांगते तसा.

"डुकरं गेली, बाबा. निजा."

हात खाली आला. हे तिले कोणी शिकवलं नव्हतं.

जे मी ऐकलं

आता महत्त्वाचं सांगतो. मी झोपलेलो होतो. डोळे उघडत नव्हते, बोलावंसं वाटत नव्हतं. पण कान सुरू होते. सगळा वेळ नाही. मधात तुटत होतं. जे आलं ते पक्कं आलं.

प्रल्हाद आत आला होता. पोराचा आवाज बाप ओळखतोच. तो हळू आवाजात सुमनले म्हणत होता, "आई गेली तवा हे रडले नाई. तिच्यासंग एक शब्द बोलले नाई. मी काचेतून पाहो, नुसते उभे राहत. मले वाटे, दगड आहे हा माणूस."

सुमन म्हणाली, "बोलू देत नव्हते ना तिथं."

"यांनी कधी कोणाचं ऐकलं? तिथंच बरं ऐकलं."

मंग तो नाक ओढायले लागला. माझा पोरगा, पस्तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. मले म्हणायचं होतं, प्रल्हाद, मी दगड नाही. जीभ हलली नाही.

संध्याकाळपर्यंत औषध उतरलं. पोटात चार ठिकाणी टोचत होतं अन् खांदा असा दुखत होता की मले वाटलं चुकून खांदाच कापला. पोटात गॅस भरतात, त्यानं खांदा दुखते म्हणे. तुमचाही दुखंल, घाबरू नका. प्रल्हाद चहा घेऊन आला. मी घोटभर प्यालो अन् म्हटलं, "दगड चहा पिते का रे?"

तो सुमनकडं पाहायले लागला. सुमन म्हणाली, बाबा, तुमी झोपेत होते. मी सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं, त्याचं अन् तिचं. प्रल्हाद माझ्या पायाशी बसला अन् त्यानं माझ्या पायावर हात ठेवला. धरून बसला नुसता.

मी त्याले सांगतलं की तिथं मी गप काऊन होतो. त्रास होते म्हणाले म्हणून. तिले त्रास होईल म्हणून. ते मी त्याले आतापर्यंत सांगतलंच नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं.

उत्तर

पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच. मले ऐकू आलं, तं गिरजाले आलं असंल का?

सकाळी डॉक्टरीणबाई पाहायले आल्या, तवा विचारलं. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाल्या, तिचं औषध वेगळं असंल, दुखणं मोठं होतं. ऐकू आलं असंल असं मी म्हणू शकत नाही. आलं नसंल असंही म्हणू शकत नाही.

मी विचारलं, बोललो असतो तं तिले त्रास झाला असता का?

त्या म्हणाल्या, हळू बोलल्यानं काही होत नाही, तातय्या. आमी तं नातेवाइकांना बोला म्हणून सांगतो.

मी भिंतीकडं तोंड केलं. जो माणूस तिथं मले गप बस म्हणाला त्याचं तोंडही मले आठवत नाही. कामाच्या गडबडीत बोलला असंल, अन् घरी जाऊन विसरला असंल. मी नाही विसरणार. रडलो का, ते विचारू नका. प्रल्हादनं पाहिलं, तेवढं पुरे आहे.

तुमच्यासाठी

माझ्यासारखी ज्याची पित्ताची पिशवी निघणार आहे, त्याले माझं सांगणं असं. आधी कधी भूल घेतली असंल अन् उठताना हात-पाय झाडले असतील, तं भुलीच्या डॉक्टरले आधीच सांगा. लाजू नका, लपवू नका. तुमी घरी कसे उठता तेही सांगा, ते त्यांच्या कामाचं असते. झोपेचं औषध देतो म्हणाले तं कोणतं, किती वेळाचं, उतरंल कवा, हे विचारा. विचारल्यावर जो खेकसंल, त्याले परत विचारा. मी नको म्हणून अडून बसलो होतो, पण घेतलं अन् बरं केलं. माझे हात मोकळे राह्यले, कोणाचं नाक फुटलं नाही. औषध वाईट नव्हतं. मले भीती त्या खोलीची होती.

अन् कोणी म्हणालं की या वयात कशाले चिरफाड, झालं आता तुमचं, तं त्याले चहा पाजू नका.

तलमडुगूचा माणूस

मले चालायले लावलं होतं. एका हातात सलाईनचा दांडा, दुसरीकडं सुमन. वार्डाच्या टोकाले मशीनवाली खोली होती, काचेची. बाहेर बाकावर एक जण बसला होता, चाळिशीचा, पायात माती तशीच. तलमडुगू गावाकडचा. त्याच्या बायकोले कापूस वेचताना साप चावला होता. आत होती ती, तोंडात नळी. मराठी बोलणारा होता, म्हणून मी बसलो.

विचारलं, आत जाऊ देतात का? म्हणे, देतात, आत्ताच जाऊन आलो. मी विचारलं, काय बोलला तिच्याशी? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मलाच साप चावला. म्हणे, काका, ती झोपेत आहे.

मी त्याले उठवलं. दारावरच्या सिस्टरले म्हटलं, याले परत आत सोडा, याचं बोलायचं राह्यलं. ती म्हणाली, आत्ताच तं गेला होता, आता उद्या. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरले विचारा, बोलल्यानं काही होते का. मी इथंच उभा आहे. सुमन माझी बंडी ओढून राह्यली होती. मी हललो नाही. चार टाके पोटात घेऊन उभा राह्यलो. सिस्टर आत गेली, कोणालेतरी विचारून आली अन् त्याच्यापुढं झगा टाकला. हळू बोलायचं, म्हणाली.

तो माणूस झगा घालून दारातच अडखळला. मागं वळून मले विचारलं, "काय बोलू, काका?"

"गाईची धार कोणी काढली आज, ते सांग. पोरं कोणाच्या घरी जेवली ते सांग. रोज काय बोलता?"

तो आत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती, अन् तिचे पाय. पहिल्यांदा नुसता उभा राह्यला, माझ्यासारखाच. मंग वाकला. मले ऐकू येत नव्हतं, पण त्याचा हात हलत होता, माणूस गोष्ट सांगताना हलते तसा. गाईनं किती दूध दिलं ते दाखवत असंल, नाही तं पोरगी केवढं रडली ते.

सुमन म्हणाली, चला बाबा, थकसान. मी म्हटलं, थांब, त्याचं बोलणं होऊ दे.